खारं पाणी, कडक ऊन आणि एक काचेची पेटी

लग्न होऊन मी पूर्णेच्या काठच्या गावात आले, तेव्हा पहिल्याच सकाळी चहा नासला. दूध ताजं होतं, पातेलं स्वच्छ होतं. सासूबाई म्हणाल्या, "विहिरीचं पानी घेतलं असशील." अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात अशी शेकडो गावं आहेत. जमिनीखाली पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि नळाला पाणी येण्याचा दिवस चुकला की घागर घेऊन भटकावं लागतं.

आमच्याकडे ऊन मात्र उदंड. त्याच उन्हावर विहिरीच्या पाण्याची वाफ करायची, ती काचेवर धरायची आणि थेंब थेंब गोळा करायचे, असं यंत्र आमच्या गच्चीवर आहे. शास्त्रीय भाषेत हे सौर ऊर्ध्वपातन, बाजारात याला सोलर स्टिल म्हणतात. ज्यांनी असं काही आधी कधीच केलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी केलेल्या चुका तुम्हाला पुन्हा कराव्या लागू नयेत, म्हणून त्याही सांगते.

आधी अपेक्षा नीट ठरवा

एक चौरस मीटरच्या पेटीतून उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी ३ लिटरच्या आसपास पाणी मिळतं. यंत्र उत्तम जमलं तर त्याहून थोडं जास्त, थंडीत दीड-दोन लिटर आणि पावसाळी ढगांत एक लिटरही नाही. म्हणजे एका माणसाच्या पिण्याला एक चौरस मीटर, असा ढोबळ हिशोब धरायचा. आंघोळ, धुणं, गुरं यांच्यासाठी हा मार्ग नाही.

इतकं कमी का, हे समजून घेतलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ लागतो. पाणी तापवायला जितकी उष्णता लागते, त्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता त्याची वाफ करायला लागते. शाळेत शिकलो तो बाष्पनाचा अप्रकट उष्मा हाच. एक लिटर विहिरीचं पाणी तापवून त्याची वाफ करायला साधारण ०.७ युनिट (विजेच्या मीटरवरचं युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) ऊर्जा खर्च होते. आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसभरात ५ ते ६ युनिट ऊन पडतं. कागदावर त्यात ७-८ लिटर बसतात. पण काही ऊन काच परतवते, काही उष्णता तळातून आणि भिंतींतून निघून जाते, काही वाफ फटींतून पळते. हातात त्याच्या निम्मंही पडत नाही. आपली सगळी मेहनत ही गळती कमी करण्यासाठी आहे.

कल्पना नवी नाही. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, लास सालिनास इथल्या सोराखाणींसाठी १८७२ मध्ये काचेच्या छपरांची अशी मोठी यंत्रं बांधली होती आणि त्यांतून रोज २०,००० लिटरहून जास्त गोडं पाणी मिळत असे. आपल्या शेजारी, भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेनंही गुजरातच्या किनारपट्टीत अशी यंत्रं उभारली. आपण करणार आहोत ते त्याचंच घरगुती रूप.

पहिला प्रयोग घमेल्यात

थेट पत्रा कापायला जाऊ नका. एक घमेलं घ्या, त्यात दोन बोटं खारं पाणी ओता. मध्यभागी स्टीलचा पेला ठेवा, त्याची कड पाण्याच्या वर राहिली पाहिजे. घमेल्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडेनं दोरीनं घट्ट बांधा आणि पेल्याच्या बरोबर वर एक खडा ठेवा, म्हणजे प्लास्टिक तिथे खाली झुकेल. सकाळी उन्हात ठेवा आणि संध्याकाळपर्यंत उघडू नका.

पेल्याच्या तळाशी जेमतेम काही घोट पाणी जमलेलं असेल. त्यात टीडीएस मीटर बुडवा. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम आहेत याचा अंदाज देणारा हा पेनाएवढा मीटर इलेक्ट्रिकच्या किंवा आरओ दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. आमच्या विहिरीचं पाणी ३,००० च्या आसपास दाखवत होतं, पेल्यातलं २० च्या आत. घरातल्या सगळ्यांनी मीटर पुन्हा पुन्हा बुडवून पाहिला. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त २,०००, असं भारतीय मानक सांगतं.

विहिरीचं पाणी तपासून घ्या

ही पायरी लोक गाळतात. मीटर फक्त क्षारांचा अंदाज देतो. फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू यांच्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, जड धातू आणि जंतू हे सगळं वाफेबरोबर वर येत नाही, तळाशीच राहतं. पण जे स्वतःच उडून जाणारं आहे, ते वाफेबरोबर वर चढतं. डिझेल, पेट्रोल आणि काही कीटकनाशकं यांत येतात. फवारणीचे पंप ज्या विहिरीवर धुतले जातात, तिचं पाणी या यंत्रात घालू नका. या बाबतीत मी घरात कोणाचंच ऐकत नाही.

पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून खारेपणा जाईल असं अनेकांना वाटतं. तुरटीनं गढूळपणा बसतो, क्षार जसेच्या तसे राहतात. उकळल्यावर तर पाणी आटतं आणि खारेपणा वाढतो.

पेटीची मापं

फॅब्रिकेटरकडे जाताना ही मापं कागदावर लिहून न्या. पेटीची आतली लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ८० सेंटिमीटर. पुढची भिंत १० सेंटिमीटर उंच आणि मागची साडेएकतीस. बाजूच्या भिंती आपोआप तिरक्या येतील आणि काचेला १५ अंशांचा उतार मिळेल. वरची कड सगळीकडून अडीच सेंटिमीटर बाहेर वळवून घ्या, काच तिच्यावर बसते. या मापाला काच १२५ बाय ८८ सेंटिमीटर लागते.

उतार १० अंशांपेक्षा कमी ठेवला तर थेंब काचेवरून न घसरता जागच्या जागी मोठे होतात आणि पुन्हा खाऱ्या पाण्यात पडतात. फार जास्त ठेवला तर मागची भिंत उंच होते, पेटीतली मोकळी हवा वाढते आणि त्यात उष्णता वाया जाते.

पत्रा कोणता घ्यायचा? माझी पहिली पेटी जीआय पत्र्याची होती. गरम खारं पाणी जस्ताचा थर खातं, हे मला माहीत असूनही स्वस्त म्हणून घेतली. एका उन्हाळ्यात कोपऱ्यांतून गंजाचे ओघळ आले. आता २० गेजचं स्टेनलेस स्टील आहे. वेल्डिंगचे सांधे आतून गुळगुळीत करून घ्या, कारण गंज तिथूनच सुरू होतो.

आतून तळ आणि भिंतींचा खालचा भाग काळा हवा. साधा ऑइलपेंट लावू नका. तो गरम पाण्यात फुगतो, सुटतो आणि पाण्याला वास देतो. काळं, खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन पातळ थरात पसरवणं हा मला जमलेला उपाय. रबराच्या तुकड्यानं भाकरीवर तूप पसरवावं तसं एकसारखं पसरवायचं आणि आठवडाभर सुकू द्यायचं. त्यानं वेल्डिंगचे सांधेही झाकले जातात. मागच्या भिंतीचा वरचा भाग मात्र चकचकीतच ठेवा, त्याच्यावरून ऊन परतून पाण्यावर पडतं.

पन्हळ, सगळ्यात नाजूक काम

वाफ काचेच्या आतल्या बाजूला थंड होते आणि उतारानं पुढच्या भिंतीकडे ओघळते. तिथे ती झेलायला पन्हळ लागते. स्टीलची, २ सेंटिमीटर रुंद, पुढच्या भिंतीला आतून चिकटवलेली. पाण्याच्या पातळीपासून चांगली वर आणि एका टोकाकडे सव्वा सेंटिमीटर उतार असलेली. भिंत आणि पन्हळ यांच्यात केसभरही फट नको, नाहीतर भिंतीवरून उतरलेलं गोडं पाणी मागून खाली खाऱ्यात जातं आणि तुम्हाला कळतही नाही.

आणखी एक बारकावा. काचेवरून येणारा ओघळ पन्हळीत पडेलच असं नाही, तो काचेला चिकटून थेट कडेच्या सीलपर्यंत जातो. म्हणून काचेच्या आतल्या अंगाला, पन्हळीच्या बरोबर वर येईल अशी सिलिकॉनची एक बारीक सरळ रेघ ओढा. ओघळ त्या रेघेशी अडतो, थेंब होतो आणि खाली पन्हळीत टपकतो. पत्र्याच्या छपराला पागोळ्या पडतात, तसंच. ही रेघ ओढल्यावर आमचं रोजचं पाणी जवळजवळ पेलाभर वाढलं.

पन्हळीच्या खालच्या टोकाला भोक पाडून नळी बाहेर काढा. नळी सिलिकॉनची घ्या. तांबं, पितळ, शिसं यांतलं काहीही या वाटेवर नको. क्षार नसलेलं पाणी धातू विरघळवायला फार तत्पर असतं. बाटली काचेची किंवा स्टीलची.

बाकीच्या तीन वाटा

पाणी भरायची वाट मागच्या भिंतीत वर ठेवा, तिला बूच हवं. जास्तीचं पाणी जायची वाट बाजूच्या भिंतीत, तळापासून दीड सेंटिमीटरवर. तिसरी वाट अगदी तळाशी, पेटी पूर्ण रिकामी करायला. जास्तीच्या पाण्याची नळी बाहेर आल्यावर इंग्रजी यू सारखी वाकवा, म्हणजे वाकात पाणी साचून राहतं आणि त्या वाटेनं वाफ निसटत नाही. बाटलीकडे जाणाऱ्या नळीलाही असाच वाक द्या आणि बाटलीच्या तोंडाशी स्वच्छ मलमल बांधा, मुंग्या आणि चिलटं आत जात नाहीत.

बाहेरचं खोकं आणि कुटार

स्टीलची पेटी नुसती गच्चीवर ठेवली तर तळातून उष्णता निघून जाते. तिला लाकडी किंवा पत्र्याच्या मोठ्या खोक्यात बसवा आणि खाली-भोवती ५ ते ७ सेंटिमीटर जागा सोडा. खाली लाकडी पट्ट्यांचा आधार द्या, म्हणजे वजन भरावावर येणार नाही. भरावाला ग्लासवूल चांगली. आम्ही कडक वाळवलेलं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, दाबून भरलं आहे आणि ते उत्तम चालतं, फक्त ओल लागता कामा नये. ओलं कुटार उष्णता धरत नाही आणि कुजतं. थर्मोकोल टाळा. पेटी एखाद्या दिवशी कोरडी पडली तर आतली उष्णता इतकी चढते की तो मऊ होऊन आकसतो.

काच बसवणं

४ मिलिमीटर जाडीची टफन काच घ्या. या मापाची काच साधारण ११ किलोची होते, म्हणून उचलायला दोघं हवेत. आमच्याकडे गच्चीवर वानरं उड्या मारतात, मार्चमध्ये गारपीटही होते, साधी काच टिकत नाही.

बसवण्याआधी आतली बाजू भांड्यांच्या साबणानं दोनदा घासा, भरपूर पाण्यानं धुवा आणि पुन्हा बोट लावू नका. नव्या काचेवर तेलकट थर असतो. तो राहिला तर वाफेचे मणी मणी होतात, ऊन अडतं आणि मणी वरच्या वर गळतात. स्वच्छ काचेवर पाणी पातळ पडद्यासारखं पसरून खाली सरकतं. पहिल्या सकाळी काचेकडे तिरपं पाहा: धुक्यासारखा पडदा दिसला तर काम जमलं, मोत्यांची नक्षी दिसली तर काच उतरवून पुन्हा धुवा.

सील करायला सिलिकॉन घेताना दुकानदाराला न्यूट्रल प्रकारचं मागा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं पत्र्याला खातं. कडेवर सलग, न तुटणारी जाड रेघ द्या, काच अलगद टेकवा, दाबू नका. चोवीस तास हलवू नका. उचकटू नये म्हणून कडेनं क्लिपा लावा.

माझी दुसरी पेटी पहिल्या आठवड्यात दिवसाला जेमतेम दीड पेला पाणी देत होती. ऊन कडक, पाणी गरम, सगळं बरोबर, पण बाटली रिकामी. एका पहाटे गच्चीवर गेले तर मागच्या कोपऱ्याशी काचेच्या बाहेरच्या बाजूला हाताएवढ्या जागेत दव जमलेलं दिसलं. बाकी काच बाहेरून कोरडी. तिथे सिलिकॉनमध्ये अगरबत्तीच्या काडीएवढी फट होती. ती बुजवली आणि त्या दिवशी संध्याकाळी दोन लिटर निघाले. तेव्हापासून काही बिघडलं की मी आधी पहाटेचं दव पाहते.

जागा, दिशा, पातळी

काचेचा उतार दक्षिणेकडे. मेअखेर ते जुलै सोडून इतर वेळी, भर दुपारी सर्वांत आखूड सावली ज्या दिशेला पडते ती उत्तर, तिच्या उलट तोंड करा. मेच्या उत्तरार्धात सूर्य आपल्याकडे डोक्यावर येतो आणि काही आठवडे थोडा उत्तरेलाही सरकतो, पण १५ अंशांच्या उताराला त्यानं फारसा फरक पडत नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच सावली पडायला नको. टाकी, झाड, शेजारचा मजला, सगळं आधी पाहून घ्या.

पेटी ठेवल्यावर गवंड्याची पाणसळ आणून दोन्ही दिशांनी पातळी पाहा. तळ एका बाजूला झुकला तर तिकडे पाणी साचतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात तळ उघडा पडतो.

रोजचं काम

पाण्याची खोली एक ते दीड सेंटिमीटर, त्याहून जास्त नाही. जास्त पाणी भरलं तर जास्त मिळेल असं वाटतं, होतं उलट. सगळं ऊन ते पाणी तापवण्यातच जातं. या पेटीत दीड सेंटिमीटरला १४ लिटरच्या आसपास पाणी मावतं.

भरणं नेहमी सकाळी, ऊन चढायच्या आत. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते. आमच्या घरात एका पाहुण्यानं धूळ धुवायला चांगल्या मनानं तांब्याभर पाणी टाकलं होतं आणि ती काच गेली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, क्षार बाहेर काढणं. रोज जितकं पाणी उडालं तितकंच भरत राहिलात, तर क्षार आतच साठतात. रोज ३ लिटर उडत असतील तर पाच दिवसांत आतला खारेपणा दुप्पट होतो आणि महिन्यात सातपट. तळाशी पांढरी खपली धरते, काळा रंग झाकला जातो, ऊन परत जातं. म्हणून ३ लिटर मिळाले की दुसऱ्या सकाळी ६ लिटर ओता. तीन लिटर आत राहतात, उरलेलं जास्तीच्या वाटेनं क्षार घेऊन बाहेर पडतं आणि आतला खारेपणा विहिरीच्या दुपटीवर थांबतो. बाहेर पडलेलं पाणी आम्ही संडासात वापरतो. झाडांना किंवा शेतात टाकू नका, आपल्या काळ्या चोपण जमिनीला आधीच मिठाचा त्रास आहे.

दर तीन-चार दिवसांनी सकाळी काच बाहेरून ओल्या फडक्यानं पुसा. महिन्यातून एकदा पेटी तळाच्या वाटेनं पूर्ण रिकामी करा आणि दोनदा पाणी फिरवून काढून टाका. सूर्य मावळला म्हणून बाटली लगेच काढू नका. पाणी अजून गरम असतं, काच गार होत जाते आणि रात्री नऊपर्यंत पन्हळीत थेंब पडत राहतात.

पिण्याआधी

नव्या पेटीचं पहिल्या दोन आठवड्यांचं पाणी पिऊ नका, सिलिकॉनचा वास असतो. ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घाला, नाहीतरी बाजारातून डिस्टिल्ड वॉटर विकत आणतोच. वास पूर्ण गेला, मीटर ३० च्या खाली सलग दिसू लागला, की पिण्याचा विचार करा.

सासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "गोड हाय वं, पन चवच नाही याले." बरोबर होतं त्यांचं. या पाण्यात क्षार जवळजवळ शून्य असतात. आम्ही नऊ भाग हे पाणी आणि एक भाग उकळून गार केलेलं विहिरीचं पाणी असं मिसळतो. विहीर ३,००० ची असेल तर मिश्रण ३०० च्या आसपास येतं आणि फ्लोराइड, नायट्रेटही दहाव्या हिश्शावर येतात. प्रयोगशाळेच्या अहवालात यांचे आकडे फारच मोठे असतील तर विहिरीचं पाणी अजिबात मिसळू नका, त्याऐवजी नळाचं चांगलं पाणी घ्या. मिश्रण माठात ठेवा, ओगराळ्यानं काढा, हात बुडवू नका. यंत्रातून पाणी निर्जंतुक निघतं, पण घाण हातानं ते पुन्हा बिघडायला एक क्षण पुरतो.

बिघाड ओळखताना

पाणी कमी येतंय आणि काच आतून कोरडी दिसते: फट शोधा. काच ओली आहे पण बाटली रिकामी: पन्हळीचा उतार पाहा, नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, तोंडानं न ओढता नळी हलवून मोकळी करा. बाटलीतला आकडा अचानक शंभराच्या वर गेला: खारं पाणी पन्हळीत शिरतंय, बहुधा भरताना जोरात ओतलं गेलं किंवा जास्तीची वाट तुंबली. त्या दिवसाचं पाणी टाका. शेवाळाचा वास आला तर पेटी रिकामी करून घासा.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर वाफेची आशा सोडा, पण काचेचा उपयोग संपत नाही. पुढच्या कडेला बाहेरून एक दुसरी पन्हळ लावून ठेवा. पहिले दोन-तीन पाऊस काच धुण्यासाठी सोडून द्या, मग फडक्यातून गाळून भरा आणि पिण्याआधी उकळा. एक चौरस मीटर काचेवर १० मिलिमीटर पाऊस पडला की १० लिटर पाणी मिळतं, म्हणजे उन्हाळ्यातल्या तीन दिवसांची कमाई.

पेटी आतून कोरडी करून बूच उघडं ठेवा, नाहीतर बुरशी धरते. दसरा झाला की कुटार बाहेर काढून उन्हात वाळवा, सील बोटानं दाबत चारही कडा तपासा, कडक झालेली रेघ ब्लेडनं काढून नवी ओढा. नंतरचं पहिल्या आठवड्याचं पाणी पुन्हा बॅटरीला.